खूण सांग, मग बोल

आमच्या घरमालकांच्या मोबाईलला टिकली होती. खरी टिकली, काकूंच्या पाकिटातली, मरून रंगाची. एक मागच्या कॅमेऱ्यावर, एक पुढच्या. चिकटा सुटून टिकली पडली की काका आरशाजवळ जाऊन नवी काढायचे आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "एखादी माह्या कपाळासाठी ठेवजा बरं!"

पुण्याहून त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याला पलीकडं नुसता मरून अंधार दिसायचा.

"बाबा, तुम्ही दिसत नाही."

"मले तू दिसून राह्यला ना? बस झालं."

"अहो, पण मला बघायचंय तुम्हाला."

"मंग बुलढान्याले ये. एसटी अजून चालू आहे."

काका बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर त्यांनी खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या. घाटावरच्या आणि घाटाखालच्या कितीतरी गावांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आवाज ऐकला होता. भाजी घ्यायला गेले आणि "मेथी कशी दिली?" म्हणाले, की अनोळखी माणूस वळून पाहायचा. रिटायर झाल्यावर माईक सुटला, आवाज सुटला नाही. घरातही ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. "चहा झाला आहे. चहा झाला आहे." काकू म्हणायच्या, "एकदाच सांगा, मी काय फलाटावर उभी आहे?"

मी त्यांच्याकडं राहायला गेले ते बी.एस्सी.साठी. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक पहिल्यांदा आलं ते माझ्या पिशवीतून, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. माझं गाव घाटाखालचं, धामणगाव बढे. बाबा मला सोडायला आले होते, खांद्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा. त्याआधी आम्ही दोन घरं पाहिली होती. दोन्हीकडं आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेल्याचं त्यांना आठवलं. तिसऱ्या दारात काका उभे. त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं आणि विचारलं, "कोन्या गाडीनं आले?"

बाबांनी गाडी सांगितली.

"घाटात तापली असन."

"हाव जी. वडाच्या वळनावर. पानी टाकलं तवा चढली."

"मले ठाऊकच होतं," काका एकदम खूश झाले. "त्या गाडीचं रेडिएटर बदला म्हनून मी सांगून सांगून थकलो. या, बसा." काकू पाणी घेऊन आल्या. खोली मिळाली. आडनाव त्यांना पुढं कधीतरी कळलं असेल. त्यावर घरात काही बोलणं झालेलं मला आठवत नाही.

खोली चांगली होती. खिडकी मोठी, नळ आत, भिंतीला नवा चुना. रात्री अंथरुणावर पडले आणि वर पाहिलं तर छताला पंख्याचा हूक नाही. सकाळी बाकीच्या खोल्या पाहिल्या. कुठंच नाही. पूर्ण घरात हूक नाही.

"स्लॅब टाकतानी मिस्त्री म्हने, हूक सोडू का?" काकांनी हा किस्सा मला पहिल्याच आठवड्यात सांगितला, पुढंही पुष्कळदा. "मी म्हटलं, बाप्पा, कोन्या गावात घर बांधून राह्यला तू? हे बुलढानं आहे. इंग्रज इथं हवा खायले येत होते. इथं पंखा लावनं म्हंजे पावसात छत्री घेऊन नळाखाली बसनं."

या वाक्याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. पण ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणायचे की उलट विचारायची सोय नव्हती.

घाट चढून गाडी वरच्या सपाटीला लागली की काका शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावत. मे महिना असो की जानेवारी. "आलं आपलं गाव, थंडी वाजते." घाटाखालच्या माणसांची त्यांना मनापासून कीव यायची, आणि त्यात मीही आले. पहिल्या उन्हाळ्यात मी शिकवणीच्या पैशातून टेबलफॅन आणला, तेव्हा त्यांनी तो उचलून सगळीकडून पाहिला आणि काकूंना हाक मारली, "पोरीनं घाटाखालचं मशीन आनलं." पण वापरू नको असं कधी म्हणाले नाहीत. आजारी माणसाचं औषध असावं तसा त्यांनी तो पंखा चालवून घेतला.

सकाळी ओसरीवर पेपर वाचणं हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. मोठ्यानं वाचायचे. एकेक बातमी गाडीसारखी पुकारायचे आणि निकाल द्यायचे. तीन निकाल होते. ही गाडी सुटली, ही गाडी लेट आहे, ही गाडी रद्द.

"बिनड्रायव्हरची मोटार येनार म्हनते." चष्म्यावरून माझ्याकडं पाहायचे. "आपल्या घाटात आडवी म्हैस बसली असली तर ते मशीन खाली उतरून तिची शेपटी पिळन का?"

"नाही, काका."

"रद्द."

चंद्रावरच्या बातम्या लेट असायच्या. घरबसल्या डॉक्टर दाखवायच्या बातम्याही लेट. "पृथ्वीचं तापमान वाढून राह्यलं" ही बातमी आली की ते पान उलटायचे आणि म्हणायचे, "वाढलं असन. घाटाखाली."

मला राग यायचा. कॉलेजात आम्हाला पर्यावरणाचा पेपर होता आणि मी तो मन लावून वाचला होता. मी म्हणायचे, "काका, हवेला घाट थांबवत नाही. ती वर चढते."

"चढते ना. पन चढता चढता दमते. अन् दमलं मानूस थंड पडते."

"हवा माणूस नाही, काका."

"तू पुस्तकातली हवा सांगून राह्यली. मी इथली खाल्लेली आहे."

काकू पदरानं मान पुसत हे सगळं ऐकायच्या. "खाल्लेली आहे म्हने," त्या मला हळूच म्हणायच्या. "स्वयंपाकघरात येऊन खा म्हना जराशी."

एका सकाळी मात्र पेपर वाचताना काका थांबले. बातमी होती की मशीन आता कुणाच्याही आवाजात बोलू शकतं. थोडा वेळ आवाज ऐकवला की पुरे. मी वाट पाहत होते, रद्द म्हणतील. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"ही गाडी सुटली," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माहा आवाज तर कोनीही चोरू शकते. इतके वर्षं फुकट वाटला."

त्या दिवसापासून आमच्या घरात खूण आली.

मोबाईल नव्हते तेव्हा आमच्याकडं खुणेवर कारभार चालायचा. शेतातल्या माणसाला घरून दोर, विळा, कधी चार भाकरी मागवायच्या असल्या, तर तो जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती निरोप द्यायचा आणि सोबत खूण सांगायचा: "घरी सांगजो, सकाळी मांजरीनं दूध सांडलं होतं." घरातली बाई खूण ऐकायची, पटली की वस्तू परक्या माणसाच्या हाती द्यायची. नाही पटली तर पाणी पाजून वाटेला लावायची. माझ्या बाबांनाही हे माहीत होतं. काकांनी तीच पद्धत फोनला लावली. "बँक पाठवते तो नंबरही खूनच," ते म्हणाले. "पन ते खून मशीन ठरवते. मशीनले आपल्या घरची मांजर कुठी ठाऊक आहे?"

प्रत्येकाला एकेक खूण मिळाली. माझी होती, 'गाडी कुठं तापली?' आणि त्याचं उत्तर, वडाच्या वळणावर. फक्त काकूंना खूण नव्हती. "तिले कायची खून? तिचा आवाज काढनारं मशीन अजून बनलं नाही."

मुलाच्या खुणेची तर कॉलनीभर चर्चा झाली. त्याचा फोन हरवला आणि त्यानं ऑफिसमधून दुसऱ्या नंबरवरून फोन केला. काकांनी स्पीकर लावला होता, ते नेहमीच लावायचे.

"बाबा, मी बोलतोय. पटकन ऐका, मीटिंगमध्ये आहे."

"घाई आहे का?"

"हो."

"मंग तू लबाड आहे. खून सांग. लहानपनी कोन्या गाडीत ओकला?"

"बाबा, माझ्यासमोर लोकं बसलीत!"

"सांगतं का ठेवू?"

पलीकडं खुर्ची सरकली. मग दबलेला आवाज, "शेगाव."

"कोनाच्या अंगावर?"

"...कंडक्टरच्या."

"हां, बोल बाळा. जेवला का?"

आम्ही हसायचो. पण एकदा खरोखर लबाडाचा फोन आला. कुणीतरी जरबेच्या हिंदीत सांगत होता की तुमच्या नावाचं पार्सल धरलं आहे, तुम्ही अटकेत आहात, फोन ठेवायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही. आमच्याच गल्लीतले एक गुरुजी अशाच फोनमुळं तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते. काका मात्र खुर्चीत ऐसपैस बसले.

"म्हंजे मी आता अटकेत?"

"हां!"

"तो खाना आपकी तरफ से आएगा क्या? क्यूंकी हमारे यहाँ आज वांगे की भाजी है, और मेरे को वो जमती नहीं."

मग त्यांनी त्याला खूण विचारली. तो चिडला. काकांनी शांतपणे पुन्हा विचारली, दोनदा, पुकारल्यासारखी. शेवटी फोन त्यानंच ठेवला. पुढं कितीतरी दिवस स्टँडवरच्या बाकावर हीच कथा चालू होती. "सरकारी मानसाले इतकी घाई नसते," हे त्याचं तात्पर्य. "मी सरकारी होतो. मले ठाऊक नाही का?"

त्या विजयानंतर काका खुणेच्या बाबतीत फारच कडक झाले. पाडव्याला त्यांनी सगळ्यांच्या खुणा बदलल्या. मी तेव्हा गावी होते. माझी नवी खूण त्यांनी काकूंजवळ सांगून ठेवली, पोरीला दे म्हणून. काकूंनी ती मला दिलीच नाही. त्यांना ते सगळं खूळ वाटायचं, आणि डाळ-तांदूळ सोडून असले निरोप त्या डोक्यात ठेवत नसत.

मे महिन्यात काका लग्नाला गेले, घाटाखाली पिंपळगाव राजाला. काकू जाणार होत्या, पण कुरड्या घातल्या होत्या, त्या गच्चीवर उघड्या टाकून जायला त्यांचं मन होईना. माझे पेपर संपले होते. मी खोलीत सामान बांधत होते. दुपारी काकू कुरड्या उलटायला गच्चीवर गेल्या. खाली आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या, त्या उठेनात. मी हात लावला तर कातडी तव्यासारखी. कोरडी. घामाचा टिपूस नाही. मला म्हणाल्या, "माय, गाडी फलाटाले लागली का?"

काकू कधी भ्रमात बोलणाऱ्या नव्हत्या. मी ओली चादर त्यांच्यावर टाकली, टेबलफॅन ओढून समोर आणला आणि रस्त्यावर धावत जाऊन ऑटो थांबवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, उष्माघात. बर्फ लावला, सलाईन लावलं. मग विचारलं, "यांना कोणतं औषध चालत नाही असं आहे का?" काकू डोळे मिटून पुटपुटल्या, "एक इंजेक्शन. मांगं दिलं होतं तवा तोंड सुजलं, दम कोंडला. नाव ह्यांले ठाऊक." डॉक्टर माझ्याकडं पाहू लागले. "नाव कळल्याशिवाय मी पुढचं काही देणार नाही. लवकर विचारा."

माझ्या फोनची बॅटरी संपलेली. नर्सबाईंनी त्यांचा फोन दिला. काकांचा नंबर मला पाठ होता. पलीकडं बँड वाजत होता.

"काका, मी बोलतेय. काकूंना दवाखान्यात आणलंय. त्यांना कोणतं इंजेक्शन चालत नाही? लवकर सांगा, डॉक्टर थांबलेत."

आता विचार करा. अनोळखी नंबर. घरचं माणूस दवाखान्यात. घाई. आणि वरून माहिती मागणं. काका रोज ओसरीवर पेपरातून फसवणुकीचं जे वाचून दाखवायचे, ते अक्षरशः सगळं त्या एका फोनमध्ये होतं.

"खून सांग," काका म्हणाले.

"वडाच्या वळणावर!"

पलीकडं काका हसले, त्या पार्सलवाल्या लबाडाची कथा सांगताना हसायचे तसेच. "जुनी खून चोरली बे तुमी! ते पाडव्यालेच रद्द झाली."

फोन बंद.

मी पुन्हा लावला. रडू येत होतं, पण रडले तर ते म्हणतील मशीन रडायलाही शिकलं. मी म्हटलं, "काका, थांबा, काकूंशी बोला," आणि फोन काकूंच्या तोंडाशी धरला. काकूंनी सगळी ताकद गोळा केली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो... या ना घरी."

"पाह्य," काका म्हणाले. मला वाटतं शेजारच्या कुणाला तरी सांगत असावेत. "आवाज जरासा जमला यायले. पन आमच्या घरची मले जल्मात 'या ना' म्हनली नाही. ऐक बे, पोलिसात देतो तुले."

फोन पुन्हा बंद. डॉक्टर दारात उभे. मला त्या क्षणी एकच सुचलं. मी काकूंच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "काकू, गोड बोलू नका. रागवा त्यांच्यावर. नेहमीसारखं रागवा." तिसऱ्यांदा नंबर लावला.

काकूंनी डोळे उघडले. कुठून आलं ते बळ मला माहीत नाही.

"माह्या टिकल्या फोनले लावल्या," त्या म्हणाल्या. आवाज फाटका होता, पण होता. "घरात हूक नाही ठेवला. जल्मभर मले सांगतलं, बुलढानं थंड आहे. मी इथी भाजून राह्यली अन् तुमाले लग्नातले गुलाबजाम सुचून राह्यले? इंजेक्शनाचं नाव सांगा नाहीतं..."

पुढचं त्यांना जमलं नाही. मान उशीवर पडली.

पलीकडचा बँड एकदम दूर गेला, म्हणजे काका चालत मांडवाबाहेर आले होते. मग तो आवाज आला, स्टँडवरचा, खिडकीतला, एकेक अक्षर सुटं करून. "पेनिसिलीन. पेनिसिलीन. डॉक्टरांनी लक्ष द्यावं. पेनिसिलीन द्यायचं नाही." आणि शेवटी, पुकारताना ज्याची कधी गरज पडली नव्हती असं काहीतरी त्या आवाजात आलं. "पोरी, तिच्याजवळून उठू नको."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले.

काका आले ते संध्याकाळी. गाडीची वाट न पाहता कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. खाजगी वाहनात बसणाऱ्या माणसाला ते आयुष्यभर नावं ठेवत आले होते. डोक्यावर लग्नातला फेटा तसाच, अर्धा सुटलेला. घाट चढून आले होते, पण गळ्याजवळचं बटण लावलेलं नव्हतं. त्याखालचंही उघडं होतं. मान घामानं चमकत होती.

काकूंचा ताप उतरला होता. शुद्ध नीट होती. त्यांनी दाराकडं पाहिलं.

"कोन आहे?"

"मी."

"खून सांगा. मंग आत या."

नर्सबाई हसल्या. काका हसले नाहीत. फेटा काढून हातात घेतला. ज्या माणसानं कुठल्याही लेट गाडीबद्दल कधी दिलगिरी पुकारली नव्हती, तो म्हणाला, "चुकलो मी. तुहा आवाज वळखला नाही."

काकू त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माय, दार लाव. हे आमच्या घरचे नाहीत. आमच्या घरचे असं बोलत नाहीत."

मग मात्र ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. काकूंचा हात त्यांच्या फेट्यावर होता.

दोन-तीन दिवसांनी मिस्त्री आला, स्लॅबला भोकं पाडायला. काका खाली उभे राहून वर पाहत होते. सिमेंटची धूळ त्यांच्या चष्म्यावर पडत होती. शेजाऱ्यांनी विचारलं, काय हो, तुमच्याकडं पंखा? ते म्हणाले, "बुलढानं थंडच आहे. आमच्या घरचीचं वय जरासं गरम झालं." आतून आवाज आला, "कोनाचं वय?" आणि काकांनी समाधानानं मान हलवली, जणू खूण पटली.

मला नोकरी लागली, मी खोली सोडली. आता मी पुन्हा घाटाखालीच असते आणि पर्यावरण शिकवते. माझ्या वर्गात 'हवा घाट चढता चढता दमते' हे वाक्य मी एकदा तरी सांगतेच. पोरं हसतात, मग लक्ष देऊन ऐकतात. काकांना अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी फोन करते. नवी खूण मला थेट त्यांच्याकडूनच मिळते. टिकली अजून तशीच आहे. पेपरातल्या बातम्या अजून सुटतात, लेट होतात, रद्द होतात. तापमानाची बातमी आली की ते आता घाटाखाली म्हणत नाहीत. "लेट होती," म्हणतात, "पन आली."

मागच्या मे महिन्यात फोन केला तेव्हा पलीकडं पंख्याचा घरघर आवाज येत होता. खूण झाली, चौकशी झाली. मी म्हटलं, "इकडं फार तापतंय, काका, तुमच्याकडं कसं?" ते बोलणार तेवढ्यात थांबले.

"थांब जरा, पंखा बंद करतो. तुही काकू हळू कायतरी म्हनून राह्यली."

खट्ट आवाज झाला. घरघर थांबली. आणि त्या शांततेत काकू पलीकडून कडाडल्या, "तेच म्हनून राह्यली, चालू ठेवा तो पंखा!"